हरायला बसलेला माणूस

आमच्या धुलाईखान्यात माणसं इतकी दमलेली असायची की एकदा आमचा बॉयलरवाला जिना चढताना अर्ध्यात झोपला, आणि जाग आली तेव्हा वरच्या मजल्यावर होता. पाय आपापले चढून गेले, बाकीचा माणूस मागाहून पोचला. खोटं वाटत असेल तर बॉयलरवाल्यालाच विचारा. तो नाही म्हणेल. पण तो झोपलेला होता, त्याला काय ठाऊक?

काम होतं इस्पितळाच्या चादरींचं. संध्याकाळी मळून यायच्या, सकाळी पांढऱ्या होऊन जायच्या. म्हणजे काम सगळं रात्रीचं. दिवसपाळीची जागा एकच. पडदे, डॉक्टरांचे कोट, उसवलेल्या उशांना चार टाके, असलं बसून करायचं काम. त्या एका जागेकडे बघत बघत अख्खा धुलाईखाना म्हातारा झाला. मीही त्यातलाच. निवृत्त झालो, तरी रात्री डोळा टक्क उघडा आणि दुपारी जेवताना मान आमटीत.

ती जागा आधी वशिल्यानं मिळे. त्यावरून भांडणं झाली. मग चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तर उघडावी त्या चिठ्ठीवर मुकादमाच्या मेहुण्याचं नाव. हा मेहुणा आपल्या गोष्टीत येत नाही. तो कशातच येत नाही, कामावरसुद्धा येत नसे. शेवटी ठरलं असं, की वर्षातून एकदा बॉयलर साफ करायला बंद ठेवतात, त्या दिवशी सगळ्यांनी पोकर खेळायचं. शेवटी जो उरेल, त्याला वर्षभर दिवसपाळी. पोकरच का? तर बॉयलरवाला पूर्वी जहाजावर होता, तिथून तेवढी एकच विद्या घेऊन आला होता. प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी, त्यातून ज्याचा मेळ चांगला तो जिंकला. पैसे लावायला सक्त मनाई. आम्ही बटणं लावायचो. रोग्यांच्या सदऱ्यांची तुटलेली बटणं धुलाईखान्यात इतकी साठायची, की एका वर्षी पोती रचून भिंत बांधली होती आणि ती पावसात भिजून आटली.

नियम फार नव्हते. टाकलेल्या पानांचा मधे ढीग असतो. आपलं पान त्या ढिगाला टेकलं की मेलं, मग ते काही का असेना. आणि दुसरा नियम मुकादमानं घुसवलेला: कुणी मुद्दाम हरताना दिसलं तर खेळ रद्द, जागा मुकादम देईल त्याला. "लोक आपसात जागा विकतील," असं तो म्हणायचा. मेहुण्याचं नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

आता आमची सूनबाई. माझ्या पुतण्याची बायको. धुलाईखान्यात सगळे तिला ताई म्हणायचे, मुकादमसुद्धा, फक्त तो म्हणताना दात दिसायचे. इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर ओल्या चादरी घालायचं काम तिचं. पुतण्या दिवसा बस चालवायचा. हा दारातून आत येणार, ती दारातून बाहेर पडणार, आणि मधे किल्ली. त्यांचा संसार म्हणजे किल्लीची देवघेव. आमच्या घरातली गादी त्या वर्षांत कधी गार पडली म्हणून नाही.

आणि घर तरी केवढं! दोन खोल्या. एकीत दिवसभर सूनबाई झोपलेली, दुसरीत तिची सासू, मी आणि सूनबाईची मुलगी, तिघं तोंडाला कुलूप लावून बसलेलो. भांडी आम्ही फडक्यात गुंडाळून घासायचो. दाराच्या बिजागरीला घरातलं निम्मं तेल जायचं. पोरगी जन्मल्यापासून याच घरात वाढली, त्यामुळे तिला आवाज म्हणून फुटलाच नाही. मुकी नव्हती हो, चांगली वाचाळ होती, पण सगळं कुजबुजत. आम्ही तिला कुजबुजच म्हणायचो. रडायची तीही कुजबुजत. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पहिल्या बाकावर बसवलं तरी हिची कविता फक्त हिच्या बेंचवाल्या मैत्रिणीलाच पाठ होते. माझी अवस्था विचारू नका. थाप ही मोठ्यानं मारायची गोष्ट आहे. दबक्या आवाजात मारली की ती कबुलीजबाब वाटते.

खेळाच्या आदल्या दिवशी सूनबाई चहा पिता पिता म्हणाली, "काका, यंदा ती जागा मला पाहिजे."

"सगळ्यांनाच पाहिजे. झोप कुणाला नकोय?"

"झोपेचं नाही म्हणत मी. झोप गेली खड्ड्यात." मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, "काल पोरीचं बोट दारात सापडलं. नख काळं पडलंय. आणि मला उठल्यावर कळलं. ती ओरडलीच नाही, काका. आई झोपलीय म्हणून ओरडली नाही."

मी माझ्या कपातला चहा तिच्या कपात ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपवून सगळे तसेच घडी घालायच्या लांब टेबलाशी येऊन बसले. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर, मधे बटणं. पत्ते वाटायला मी, कारण मी निवृत्त, माझा कशात जीव अडकलेला नाही, अशी सगळ्यांची समजूत. मुकादम तेवढा म्हणाला, "सासरा वाटणार आणि सून उचलणार? वा! घरचंच कार्य आहे."

"मग पिसा तुम्ही," मी म्हटलं. "मी नुसतं वाटतो. माझे हात कापतात, तुमची नजर कापते. बरोबरी झाली."

तेव्हापासून प्रत्येक डावाला पत्ते पिसले मुकादमानं. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे माझ्यावर संशय घ्यायला नको.

दमलेल्या माणसांचा पोकर तुम्ही पाहिला नसेल. तिथे चेहरा कोरा ठेवायचे कष्टच नाहीत. कोरडं करायच्या यंत्रावरचा एक जण हातात पानं धरून असा झोपला, की त्याचा तो निर्विकार चेहरा बघून तिघांनी घाबरून पानं टाकली, पॅक झाले, आणि तो झोपेतच डाव जिंकला. चहाची किटली फिरली की दर डावाला सक्तीनं टाकायची बटणं दुप्पट व्हायची. त्यामुळे दुपारपर्यंत बरेचसे गळाले आणि मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर आडवे झाले. उरले तीन: बॉयलरवाला, सूनबाई आणि उधळ्या.

उधळ्याचं काम मळक्या कपड्यांच्या खोलीत. इस्पितळातून आलेली गाठोडी सोडून चादरी एकीकडे, सदरे एकीकडे करायचे. तरणा नाही, म्हातारा नाही, अंगानं काडी. सकाळपासून तो एकाच पद्धतीनं खेळत होता. मी दोन पानं टाकायचो, तो त्यांना हात न लावता आपली सगळी बटणं पुढे लोटायचा आणि म्हणायचा, "ऑल-इन." बघायचं नाही, विचार करायचा नाही. आणि जिंकायचा! पंजी-दुर्रीवर जिंकायचा. समोरच्याकडे दोन राण्या असोत, याच्या तिर्रीला टेबलावर आणखी दोन तिर्र्या भेटायच्या. त्याच्यापुढे बटणांचा असा डोंगर झाला की त्याच्या पलीकडे काय चाललंय ते त्याला उभं राहून बघावं लागे. आणि जिंकला की तोंड असं करायचा, जशी काही घरी वाईट बातमी आलीय.

बॉयलरवाला जहाजावर शिकलेला. त्यानं ठरवलं, याला दम द्यायचा. हातात काही नसताना त्यानं छाती पुढे काढली, सगळी बटणं लोटली आणि आवाज चढवून म्हणाला, "बघ हां उधळ्या. विचार कर. भल्याभल्यांना मी घरी पाठवलंय."

उधळ्या म्हणाला, "खरंच पाठवता का? आलो."

आणि छक्कीच्या जोडीवर बॉयलरवालाच घरी गेला. जाताना मला म्हणाला, "काका, हा कसला खेळ?"

"अरे, जीव द्यायला निघालेल्याला सुरा दाखवून काय उपयोग? तो म्हणणार, जरा इकडे दे."

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. किटली फिरली तेव्हा मी उधळ्याशेजारी जाऊन उभा राहिलो. "काय रे, तुला ही जागा हवी म्हणून खेळतोस की नको म्हणून?"

त्यानं इकडे तिकडे बघितलं. मुकादम लांब होता. "काका, माझे सासरे आमच्याकडे राहतात."

"बरं मग?"

"रात्री घोरतात."

"सगळेच सासरे घोरतात."

"तसं नाही. फडताळातल्या बश्या सरकत सरकत कडेला येतात. शेजारच्यांनी घर बदललं. दिवसा ते बागेत जाऊन बसतात, तेवढाच मला डोळा लागतो. रात्रपाळी आहे म्हणून मी जिवंत आहे. मला दिवसपाळी मिळाली तर..." त्यानं चहाचा कप तोंडाला लावला, पण तो केव्हाच रिकामा झाला होता. "नाव सगळ्यांनाच द्यावं लागतं. उघड हरलो तर मुकादम खेळ रद्द करणार. मग म्हटलं, बेफाम खेळावं, लवकर सुटावं. तर हे असं. काका, मी आयुष्यात कधी काही जिंकलो नाही हो. लग्नातसुद्धा अंगठी शोधायच्या खेळात हरलो होतो."

मग मी सूनबाईकडे गेलो. ती उभी राहून चहा पीत होती, कारण बसली असती तर झोपली असती. मी म्हटलं, "ऐक. त्याला भिववायला जाऊ नकोस, त्याला हरायचंच आहे. चलाखी करू नकोस, ती बघायला तो पानंच उचलत नाही. रद्दी आली की पॅक. चांगली जोडी आली की नुसतं 'बघते' म्हण आणि त्याच्याएवढी बटणं लाव. शिकार आपल्या पायानं ताटात येतेय, तिच्यामागे पळायचं नाही. फक्त थांब."

"काका, थांबणं सोडून काहीही सांगा," ती म्हणाली. "धावायला सांगा. थांबले की डोळे मिटतात."

तिचंही खरं होतं. उधळणाऱ्या माणसासमोर भारी पानं खेळणं म्हणजे काय, तर वाट बघणं. आणि दमलेल्या माणसाला तेवढंच जमत नाही. पॅक, पॅक, पॅक. प्रत्येक पॅकला सक्तीची बटणं जात होती. तिचा ढीग मुंग्यांनी नेल्यासारखा कमी होत चालला. समोर उधळ्या यंत्रासारखा: लोटली, "ऑल-इन", ओढली, उसासा. एकदा सूनबाईची मान खाली गेली तर मी पत्त्यांचा जुडगा टेबलावर आपटला आणि खोकलो. मुकादम म्हणाला, "सासऱ्याला खोकला बरा वेळेवर येतो."

"वय झालं. आता खोकलाच काय तो वेळेवर येतो."

मग तिला दोन राजे आले. मला कसं कळलं? तिनं पानांची कड उचलली आणि पाठ ताठ झाली. उधळ्यानं न बघता डोंगर लोटला. ती म्हणाली, "बघते." उधळ्याकडे निघाली सत्ती आणि दुर्री, टेबलावर काही आलं नाही, आणि तिचा ढीग दुप्पट झाला. उधळ्याचा चेहरा उजळला. "सुटतोय," असं तो ओठातल्या ओठात म्हणाला, मी ऐकलं. पुढे किती पॅक झाले देव जाणे, मग तिला दोन राण्या आल्या. पुन्हा "बघते". उधळ्याकडे अठ्ठी आणि तिर्री. टेबलावर आणखी दोन अठ्ठ्या पडल्या. तिचा ढीग त्याच्यापेक्षा जरासा मोठा होता, म्हणून सूनबाईकडे वाटीभर बटणं तरी उरली.

उधळ्या म्हणाला, "ताई, माफ करा हो."

"तुमची काय चूक?"

"चूक नाही तेच तर दुखणं आहे."

ती पुन्हा थांबायला लागली. मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, एक जण तर दात दुखत असताना स्वतःचा दात स्वतः काढून दुसऱ्याला बसवून आला होता. पण असं थांबणं नाही पाहिलं. एक-एक चांगलं पान येईपर्यंत ती डोळ्यांवर चहाचा थंड कप धरून बसायची. एक्का-राजा आला, दुप्पट झाली. दश्शीची जोडी आली, पुन्हा दुप्पट. करता करता दोन्ही ढीग सारखे दिसायला लागले. मोजायचं त्राण कुणाच्यात नव्हतं. मुकादम म्हणाला, "सारखेच समजा. आता जो डाव दोघं धरतील तो निकालाचा."

मी पानं वाटली. उधळ्यानं नेहमीप्रमाणे डोंगर लोटला. "ऑल-इन."

सूनबाईनं कड उचलली. या वेळी पाठ ताठ झाली नाही. उलट खांदे खाली आले, लांबच्या प्रवासाहून माणूस घराचा कोपरा दिसला की सैल पडतो तसे. "बघते," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी सगळी बटणं मधे ढकलली.

आमच्यात पानं उलटायची ती पाच पानं पडल्यावर. मी पहिलं पान काढायला हात घातला. आणि तेवढ्यात ते झालं.

एवढी बटणं ढकलताना टेबलावरच्या चादरीला एक सुरकुती पडली होती. सूनबाईच्या समोर, लांबलचक, उभी. आता रोलरचं असं आहे: चादर आत जायच्या आधी तळहातानं सुरकुती मोडली नाही, तर रोलर तीच दाबून पक्की करतो आणि अख्खी चादर परत पाण्यात. त्यामुळे रोलरवालीचा हात सुरकुती दिसली की निघतो. डोक्याला विचारत नाही. जेवताना निघतो, पाहुण्याच्या सदऱ्यावरून फिरतो, एकदा एका म्हाताऱ्याच्या कपाळावरून फिरला होता. सूनबाईचा उजवा हात उठला आणि अंगापासून मधोमध, सरळ, सफाईदार, चादरीवरून गेला. सुरकुती गेली. तिच्याबरोबर तिची दोन पानं गेली. ती सरकत जाऊन टाकलेल्या पानांच्या ढिगावर आदळली आणि तिथे उताणी पडली.

इस्पिकचा एक्का. बदामचा एक्का.

गाठोड्यांवरचे घोरणारेसुद्धा थांबले. सूनबाई आपल्या हाताकडे बघत होती, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"पान मेलं," मुकादम म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं. ते सुचताना तोंडावर दिसतं अशी काही माणसं असतात. तो टेबलाला वळसा घालून उधळ्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. "पण मला सांगा, दोन एक्के हातात असताना कुठला शहाणा ते ढिगात ढकलेल? ही मुद्दाम हरली. दोघांचं आधीच ठरलेलं आहे. हा सकाळपासून न बघता लोटतोय, ती एक्के फेकतेय. खेळ रद्द. जागा मी देणार."

"मुकादम, हात गेला हो तिचा," बॉयलरवाला उठून बसत म्हणाला. "रोलरचा हात आहे."

"पोटच्या पोरीची शपथ," सूनबाई म्हणाली. "मला कळलंच नाही."

आता उधळ्याचा विचार करा. तो सुटला होता! खेळ रद्द झाला की त्याची रात्रपाळी त्याच्यापाशी, त्याची दुपारची झोप त्याच्यापाशी. गप्प बसायचं, उठायचं, घरी जाऊन पडायचं. यासाठीच तर तो सकाळपासून झटत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो सूनबाईकडे बघत होता. मग त्यानं डोळे मिटले, मला वाटलं झोपला. त्याचे दोन्ही हात टेबलाखाली गेले.

मुकादम रंगात आला होता. "सवय म्हणे! अहो, सवयीचं मला सांगता? मुकादम व्हायच्या आधी निम्मं आयुष्य मी त्याच रोलरवर उभा होतो. तुमच्या ताईपेक्षा दुप्पट चादरी घातल्यात या हातांनी. माझा जातो का कधी हात असा? इथे उभा आहे ना मी तुमच्यासमोर? जातो का..."

टेबलाच्या कडेनं चादर जराशी, अगदी बोटभर, खाली ओढली गेली. मुकादमाच्या पुढ्यात एक सुरकुती उभी राहिली. तिरकी, ठसठशीत, एखाद्या शिळ्या पापडासारखी.

"...असा हात?" मुकादम म्हणाला, आणि त्याचा हात गेला. काय सांगू तुम्हाला, काय हात होता तो! रुंद, जड, मनगटापासून सपाट. इतकी वर्षं मुकादमकी करूनही त्याला गंज नव्हता चढला. त्यानं सुरकुती मोडली, उधळ्याची न बघितलेली दोन पानं ढकलत नेऊन ढिगात घातली, आणि ढीगही थोडा नीट केला.

आधी बॉयलरवाला हसला. मग गाठोडीच्या गाठोडी हसायला लागली. दमलेली माणसं हसतात ते ओंगळ दिसतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि थांबता येत नाही. मुकादम स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मी म्हटलं, "मुकादम, दोघांची पानं मेली. एकाची तिच्या सवयीनं, एकाची तुमच्या. का तुम्हीही मुद्दामच केलंत?"

मग त्यानं पत्ते गोळा केले. "पुन्हा वाटा," म्हणाला. "बटणं मधेच राहू द्या." आणि इतके पिसले, इतके पिसले, की राजाराण्यांना भोवळ आली असेल.

आता यात कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं. चांगल्या पानांची वाट बघणं नाही, पॅक नाही, बघते नाही. सगळी बटणं मधे पडलेली. मी दोन-दोन पानं वाटली. आता लपवायचं काय, सूनबाईनं आधीच उघडी टाकली: नव्वी आणि चव्वी. वेगवेगळ्या रंगांची, एकमेकींना ओळखही न देणारी. दिवसभर थांबून थांबून हे.

उधळ्यानं आपली उलटली. दोन राजे.

"नाही," तो म्हणाला. "नाही नाही नाही." पहिल्यांदाच त्यानं पानं हातात घेतली आणि जवळ धरून बघितली, चेहऱ्यांत काही चूक असली तर म्हणून.

मी पहिली तीन पानं टाकली. गुलाम, दुर्री, चव्वी. सूनबाईला चव्वीची जोडी लागली, पण राजांपुढे चव्व्या म्हणजे कचेरीपुढे टपरी. चौथं पान सत्ती, कुणाच्या कामाचं नाही. उधळ्यानं तोंड ओंजळीत झाकलं. सूनबाई बघत होती ते पत्त्यांकडे नव्हतं, समोरच्या खिडकीकडे होतं. बाहेर चांगलं ऊन होतं. मला वाटतं, त्या घटकेला तिनं जागा सोडून दिली होती.

पाचवं पान नव्वी.

दोन जोड्या. नव्व्या आणि चव्व्या. राजांची एकच, आणि दोन जोड्यांपुढे एक जोडी हरते, मग ती राजांची का असेना.

कळायला तिला वेळ लागला. उधळ्याला आधी कळलं. त्यानं उठून टेबलावर वाकून तिचे दोन्ही हात धरले. "ताई, उपकार झाले," म्हणाला. मग चार पावलं चालून मळक्या चादरींच्या हातगाडीत शिरला आणि तिथेच झोपला. आम्ही त्याला तसाच ढकलत घरी पोचवला, सासरे बागेतून परतायच्या आत. मुकादमानं सूनबाईला हिरवं कार्ड दिलं, दिवसपाळीचं. देताना दात दिसले नाहीत. फक्त म्हणाला, "उद्या सकाळी वेळेवर या, ताई."

घरी आलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. दारात तिची सासू ओठांवर बोट ठेवून उभी. पडदे ओढलेले, गादी घातलेली, पाण्याचा तांब्या उशाशी, रोजच्यासारखं. कुजबुज भिंतीला टेकून पाय जवळ घेऊन बसली होती, काळं नख दुसऱ्या मुठीत.

सूनबाईनं पडदा सरकवला. "आज आत्ता झोपायचं नाही मला. रात्री झोपेन. उद्यापासून रोज रात्रीच."

सासू बघतच राहिली. पोरगीही. या घरात सूनबाई दिवसाची जागी आणि मोकळी, असा प्रसंगच कधी आला नव्हता. काय करतात अशा वेळी, कुणालाच माहीत नाही. पाहुणा अचानक दोन दिवस आधी आला तर जसं होतं, तसे आम्ही चौघं एकमेकांकडे बघत बसलो.

"मग काय करायचं?" कुजबुजनं विचारलं, अर्थात कुजबुजत.

"बोल माझ्याशी."

"काय?"

"काहीही. पण मोठ्यानं."

पोरगीनं आजीकडे बघितलं. आजीनं मान हलवली. मग तिनं सुरुवात केली. आधी आवाज असा फुटला, जसा बंद पडलेल्या नळातून येतो, खरखरत, तुटक. शाळेतल्या मुलीचा दात पडला, तो तिनं दप्तरात ठेवला, तो हरवला, बाईंच्या टेबलाखाली सापडला. सूनबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिचे डोळे मिटायला लागले. एकदा मिटले, उघडले. मग मिटले ते मिटलेच.

पोरगी थांबली. मी म्हटलं, आता ही उठून चवड्यांवर चालत बाहेर येणार. तर तिनं काय केलं, काळ्या नखाच्या बोटानं आईची एक पापणी वर उचलली.

"झोपलीस?"

"नाही."

"मग मी काय सांगत होते?"

"दाताचं."

"दाताचं केव्हाच संपलं! आता बेडकाचं चाललंय."

"हो का? मग बेडकाचं सांग. पहिल्यापासून सांग."

कुजबुजनं मोठा श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं. इतक्या मोठ्यानं, की तिची आजी खिडकी लावायला उठली, खिडकीपाशी थोडा वेळ उभी राहिली, आणि न लावताच परत येऊन बसली.